लिहिणारी नणंद, बोलणारी भावजय

माझी वहिनी डोंबिवलीत फराळाचा व्यवसाय करते. गणपती उठले की दिवाळीपर्यंत तिच्या घरात भाजणीचा वास आणि फोनची टुंगटुंग, दोन्ही थांबत नाहीत. मी पुण्यात भाषांतरं करते. म्हणजे दिवसभर गप्प बसून दुसऱ्याने लिहिलेलं मराठीत आणते. तिला टाइप करायचा कंटाळा, मला फोन उचलायचा. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यामुळे दोन पक्ष पडलेत. माझा भाऊ दोन्हीकडे अंगठ्याचं चित्र टाकून मोकळा होतो. आमचे वडील, अण्णा, त्यांच्याकडेच असतात.

गेल्या खेपेला तिच्याकडे गेले तेव्हा करंज्या भरता भरता आमचं जे भांडण झालं ते इथे लिहिलं आहे. छापायच्या आधी नजरेखालून घाल म्हटलं, तर म्हणाली, "तूच वाच. मी ऐकते."

वहिनी : परवाची माझी व्हॉइस नोट ऐकलीस, मग उत्तर का नाही?

मी : ऐकली हे कशावरून? मी निळ्या खुणा बंद करून ठेवल्यात.

वहिनी : ठेव की. खुणा बंद केल्या तरी व्हॉइस नोट ऐकली की पाठवणाऱ्याला माइक निळा दिसतोच. तो कुणाला बंद करता येत नाही. म्हणून तर मी गिऱ्हाइकांना भाव लिहून पाठवत नाही, बोलून पाठवते. 'अय्या, मी पाहिलाच नाही' म्हणायची सोयच नको.

मी : कोर्टात शोभली असतीस. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेलांपुढे असंच प्रकरण आलं होतं. क्रेडिट कार्डाचे पैसे थकवलेला माणूस नोटीस घेईना, म्हणून ती व्हॉट्सॲपवर पाठवली. खुणांवरून दिसलं की संदेश पोचला आणि सोबतची फाइलही उघडली गेली. नोटीस बजावली गेली असं न्यायालयाने मानलं.

वहिनी : अण्णांना सांग हे. जन्मभर बेलिफ म्हणून लोकांच्या दारावर नोटिसा डकवल्या त्यांनी.

मी : सांगितलं. म्हणाले, 'दारावर डकवलेली नोटीस शेजारीही वाचायचे, त्याचं काय?' पण मुद्दा तो नाही. मी कुणाची थकबाकीदार नाही ना? मग मी काय पाहिलं, कधी ऐकलं याचा हिशेब कशाला? तुझी नोट पावणेचार मिनिटांची होती. पहिलं मिनिट तू मिक्सर बंद व्हायची वाट बघत होतीस. भाच्याचा जर्मनीचा पत्ता तिसऱ्या मिनिटाला आला आणि पिनकोड पुन्हा मिक्सरमध्ये गेला. तू तळता तळता बोललीस, तुझा वेळ वाचला. मला काम थांबवून, इअरफोन शोधून, कागद-पेन घेऊन बसावं लागलं. लिहिलं असतंस तर एका नजरेत मिळालं असतं.

वहिनी : म्हणून तू मला दुप्पट वेगाने ऐकतेस?

मी : दीडपट.

वहिनी : तोंडावर कुणी 'आटप लवकर' म्हटलं तर आपण उठून जातो. तू तेच बटण दाबून म्हणतेस. आणि तुझं लिहिलेलं तरी कुठे धड कळतं? 'ठीक आहे' असं दोन शब्दांत येतं. मी ते चारदा वाचते. ही रागावलीय, का कामात आहे, का खरंच ठीक आहे?

मी : खरंच ठीक असतं.

वहिनी : तुझ्या भाच्याचंही असंच. स्टुटगार्टहून लिहितो, 'सगळं मस्त'. मी म्हटलं, बाबा रे, एक वाक्य बोलून पाठव. बोलला. 'आई, सगळं मस्त आहे.' शब्द तेच, पण मला लगेच कळलं की हा दोन रात्री झोपलेला नाही.

मी : म्हणूनच तो लिहितो, वहिनी. तुला कळू नये म्हणून. तेवीस वर्षांच्या मुलाला कधीतरी न झोपता 'मस्त' म्हणायचा हक्क आहे की नाही?

वहिनी : आईपासून लपवायचा?

मी : आईपासूनच. तू तर काय, श्वासावरून ओळखतेस. लिहिण्यात माणसाला थोडा आडोसा मिळतो. आपण नीट होऊन मग पुढे येतो. तुझ्या आवाजी निरोपात आणि व्हिडिओ कॉलमध्ये माणूस जसा आहे तसा उघडा पडतो.

वहिनी : मग कळू दे की! घर आहे ते, कचेरी नाही. आणि मी त्याच्या मागे फोन घेऊनही लागत नाही. त्याचं साडेतीन तास मागे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की साडेचार. नेमकी दिवाळीच्या गडबडीत. मी तो हिशेबच सोडलाय. बोलून ठेवते, तो उठला की ऐकतो. तुझं ईमेल वाट बघतं, तसंच माझं बोलणंही वाट बघतं. आमच्याकडे हे आधीपासूनचं आहे. माझे काका मस्कतला होते. महिन्या-दोन महिन्यांनी कुणी येणारं असलं की कॅसेट भरून पाठवायचे. एका बाजूला त्यांचं बोलणं. मग आजी दुसऱ्या बाजूवर बोलायची आणि तीच कॅसेट परत जायची. कोंबडी, पाऊस, अंगणात कोण आलं, सगळं त्यात यायचं. माझ्या आजीला लिहिता येत नव्हतं. तिने मुलाला कधी पत्र पाठवलं नाही, पण गप्पा मारल्या.

मी : त्या कॅसेट आहेत का अजून?

वहिनी : त्यांच्यावर पुढे गाणी भरली भावाने.

मी : बघ! माझं ईमेल आहे. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 ला आपल्याकडे सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्यानंतर दोनेक वर्षांनी मैत्रिणीच्या घरचं खातं मी वापरायला लागले. काळा पडदा, त्यावर नुसती अक्षरं, चित्र नाही. मोडेम कोकलायचा, लागला तर लागला. आधी वहीत मजकूर लिहून घ्यायचा आणि मग भराभर टाइप करायचा, कारण फोनचं मीटर चालू. त्यातली अमेरिकेतल्या मैत्रिणीला लिहिलेली पत्रं अजून शाबूत आहेत माझ्याकडे.

वहिनी : मागे तूच रडत होतीस ना, की त्यातली निम्मी वाचताच येत नाहीत?

हे खरं आहे, आणि ते तिने लक्षात ठेवलं होतं. सुरुवातीची पत्रं आम्ही रोमन लिपीत लिहायचो, 'काशी आहेस' अशी दिसणारी ती मराठी आजही वाचता येते. मग देवनागरीची हौस आली. तेव्हा युनिकोड घराघरांत पोचलेलं नव्हतं. प्रत्येक फॉन्टचं स्वतःचं कोष्टक असायचं. त्या फॉन्टमध्ये 'क' दिसण्यासाठी आत भलतंच इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह दडवलेलं असायचं. तो फॉन्ट संगणकावर नसला की पत्राच्या जागी टिंबं, कंस आणि टोप्या घातलेली युरोपी अक्षरं येतात. गचाळ रोमनमध्ये लिहिलेलं टिकलं, हौसेने देवनागरीत लिहिलेलं गेलं. बाकीच्या जागांचं काय झालं ते माझ्या पिढीला माहीत आहे. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं, याहू मेसेंजर जुलै 2018 मध्ये. तिथे रात्र-रात्र केलेल्या गप्पांतली एक ओळ आज माझ्यापाशी नाही. त्यातल्या बहुतेक ओळी नसल्याचं मला दुःखही नाही, पण हे मी वहिनीला बोलले नाही.

मी : तरी एक गोष्ट ईमेलमध्येच होते. माझ्या मैत्रिणीचा नवरा गेला तेव्हा ग्रुपवर दीडशे 'भावपूर्ण श्रद्धांजली' आल्या, फुलांच्या चित्रासकट. मधेच कुणीतरी वाढदिवसाचा केकही टाकला. मी तिथे काही लिहिलं नाही. तिला लांब ईमेल लिहिलं. उत्तर आठ महिन्यांनी आलं, पण काय उत्तर होतं ते! ईमेलला खुणा नसतात, त्यामुळे तिला मधल्या काळात कुणी गुन्हेगार ठरवलं नाही.

वहिनी : आठ महिने ती काय करत होती?

मी : म्हणजे?

वहिनी : ती एकटी बसली होती आणि तू पुण्यात उत्तराची वाट बघत होतीस. मी गेले असते. जाता आलं नसतं तर फोन केला असता, आणि ती बोलली नसती तर दोघी गप्प बसलो असतो फोनवर. आणि त्या दीडशे लोकांना हसू नकोस. माझे वडील गेले तेव्हा मी ती फुलं एकेक करून पाहिली. मजकूर नाही वाचला, नावं वाचली. कोणाकोणाला कळलं, कोणाला नाही. सुताराच्या मुलाने टाकलं होतं, सख्ख्या मामाने नव्हतं. ते मला कळायला नको होतं?

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी सारण चमच्याने मोजून भरत राहिले. वहिनी डोळ्यांच्या अंदाजाने भरते आणि तिची एकही करंजी फुटत नाही.

वहिनी : तुला मी खरी गोष्ट सांगू का? आमच्या मावशी. खालच्या गाळ्यात भाजणी भाजतात त्या. सही करायला शिकल्यात, वाचता येत नाही. आधी त्यांच्याकडे साधा फोन होता. मी निरोप टाइप करायचे आणि त्यांचा मुलगा वाचून दाखवायचा. त्यांना मला काही सांगायचं असलं की मुलगाच टाइप करायचा. चांगला आहे गं मुलगा. पण एकदा मावशींना भिशी लागली. पैसे त्यांना माझ्याकडे ठेवायचे होते, दाताच्या कामासाठी. आता हा निरोप मुलाच्या हातून कसा जाणार? निरोप टाइप व्हायच्या आत पैसे मोटरसायकलच्या हप्त्याला गेले असते. मग त्या चालत आल्या, डोंबिवली पूर्वेहून पश्चिमेला, भर उन्हात, एवढं एक वाक्य सांगायला. फोन कमरेला होता.

मी : आणि आता?

वहिनी : आता बटण दाबून बोलतात. माझं ऐकतात. मध्ये कुणी नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा निरोप त्यांचा एकटीचा आहे. तू लिहिण्यातला आडोसा म्हणालीस ना? तो लिहिता येणाऱ्यांना. त्यांना आडोसा बोलण्यात मिळाला.

मुंबईत जीपीओसमोर पत्र लिहून देणारे बसायचे, मनीऑर्डरचे फॉर्म आणि गावाकडची पत्रं. घर सोडून कामाला आलेल्या बायका-पुरुषांचं सगळं खाजगी जगणं त्या लेखनिकांच्या कानांवरून गेलं. आम्ही लिहिणारे त्या चित्राकडे कौतुकाने बघत आलो. जिला स्वतःच्या आजाराचं किंवा पैशांचं अनोळखी माणसाला सांगावं लागत होतं, तिला काय वाटत असेल हे मी मावशींची गोष्ट ऐकेपर्यंत मनात आणलं नव्हतं.

मी : मान्य. पण ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या फोनवर ऐकायला, बघायला जे येतं ते पडताळून कसं बघायचं? राईनपाडा विसरलीस? धुळे जिल्हा, 1 जुलै 2018. मुलं पळवणारी टोळी आलीय अशा अफवा मोबाइलवरून फिरत होत्या आणि आठवडी बाजारात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच जणांना किंवा ग्रुपना संदेश पुढे पाठवता येईल असं केलं.

वहिनी : त्या अफवा काय अडाणी लोकांनीच पुढे पाठवल्या? आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर आलीच होती ना ती? पाठवणारे इंजिनिअर. मावशींच्या फोनवर येतं ते बहुतेक माणसांचं स्वतःचं बोलणं. फॉरवर्ड तुम्हा वाचणाऱ्यांचा धंदा. मला विचारशील तर फॉरवर्ड म्हणजे बोलणंही नाही आणि लिहिणंही नाही. त्यात माणूसच नसतो.

मी : सुप्रभातच्या चित्रांसकट?

वहिनी : सुप्रभातचं सोड. चौथ्या मजल्यावरच्या काकांचं नऊपर्यंत आलं नाही तर मी जाऊन बेल वाजवते.

इथवर तिची सरशी होती हे मी कबूल करते. पण आतल्या खोलीत अण्णा होते, आणि तो विषय माझा होता.

मी : मग अण्णांचं सांग. त्यांना तुझ्या व्हॉइस नोटचा काय उपयोग?

वहिनी : त्यांना मी लिहिते.

मी : तू लिहीत नाहीस. त्यांच्या नातीकडून लिहून घेतेस. वहिनी, अण्णांचं काय होतं माहितीये? ते म्हणतात ना, 'आवाज येतो, शब्द येत नाही', ते अगदी तसंच आहे. म्हातारपणात आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स, श, फ यांसारखी व्यंजनं. आणि जुन्या टेलिफोनमधून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज जायचा, म्हणजे उरलंसुरलं तिथे गळायचं. आपण ओरडायचो, तर त्यांना आपलं ओरडणंच मोठं ऐकू यायचं. मग आई मध्ये उभी राहायची. मी तिला सांगायचे, ती त्यांच्या कानात सांगायची, आणि त्यांचं उत्तर तिच्या शब्दांत मला यायचं. पंधरा वर्षं मी वडिलांशी आईच्या भाषेत बोलले.

वहिनी : हो, आणि त्या नको ते गाळायच्या.

मी : गंमत बघ, ज्या ग्रॅहॅम बेलने 1876 मध्ये टेलिफोनचं पेटंट घेतलं त्याची आई बहिरी होती आणि पुढे बायकोही. बहिऱ्या मुलांना शिकवणं हाच त्याचा पेशा. आणि त्याच्याच यंत्राने बहिऱ्या माणसांना जवळजवळ नव्वद वर्षं दाराबाहेर ठेवलं. 1964 मध्ये रॉबर्ट वाइटब्रेख्त नावाच्या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञाने टेलिफोनच्या तारेवरून टाइप केलेली अक्षरं पाठवायचं जोडयंत्र बनवलं, तेव्हा ते दार उघडलं. तो स्वतः जन्मापासून बहिरा होता. इंटरनेटची मूळ बोली रचणाऱ्या दोघांपैकी विंट सर्फ, तेही किशोरवयापासून श्रवणयंत्र लावतात.

वहिनी : कुठून कळतं गं तुला हे सगळं?

मी : वाचून.

वहिनी : टोमणा कळला.

मी : अण्णा आता पडद्यावर बोटाने अक्षरं गिरवतात, फोन त्यांचा छापील मजकूर करतो. वळणदार, बेलिफी अक्षर. नातवाला 'अनेक उत्तम आशीर्वाद' आणि कुरिअरवाल्याला 'सा. न. वि. वि.' मला परवा त्यांचा निरोप आला, रात्री अकराला. आईबद्दल होता. काय होता ते सांगत नाही. आई असती तर तो माझ्यापर्यंत आला नसता, कारण आईच मध्ये होती. तुझ्या मावशींना बोलून जे मिळालं ते अण्णांना लिहून मिळालंय. मधलं माणूस गेलं.

वहिनी थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने कातणं उचललं आणि माझ्या दोन करंज्यांच्या कडा पुन्हा कातल्या.

वहिनी : ते बोललेलं लिहून दाखवणारं ॲप घातलंयस ना त्यांच्या फोनमध्ये? जेवताना मधे ठेवतात. एक जण बोलत असेल तर बरं चालतं. तिघं एकदम बोलले की गोंधळतं. आणि आपल्या घरात तिघं एकदम बोलत नाहीत असं होतंच कधी? परवा त्यात आलं, 'भाजी भाजली का'. मी भाजणी म्हणाले होते. अण्णा मला म्हणतात, भाजी कोण भाजतं?

मी : मग मावशींचं आणि अण्णांचं कसं होतं? तू कुरिअरला जातेस, बँकेत जातेस. मावशी खाली गाळ्यात, अण्णा वर. त्यांना वाचता येत नाही, यांना ऐकू येत नाही.

वहिनी : तीच तर गंमत. मला वाटायचं माझ्यावाचून अडत असेल. एकदा अण्णांचा फोन चार्जिंगला लावताना दिसलं. दोघांचं धडधडीत चालू आहे, गणपतीपासून. नुसते फोटो. मावशी तेलाच्या रिकाम्या डब्याचा फोटो पाठवतात, अण्णा दुकानातून मागवून भरल्या डब्याचा पाठवतात. मावशी घड्याळाचा पाठवतात, म्हणजे मी निघाले. अण्णा गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा पाठवतात, मावशी येताना घेऊन येतात. एक शब्द नाही. ना तुझा, ना माझा.

मी : कुणी शिकवलं?

वहिनी : कुणी नाही. तुझा भाऊ म्हणतो, अण्णांनी आधी लिहून पाठवलं असणार, उत्तर आलं नाही. मावशींनी बोलून पाठवलं असणार, उत्तर आलं नाही. मग कंटाळून कुणीतरी फोटो टाकला असेल. पण आता भलतंच सुरू झालंय. मावशी भाजणीचाही फोटो पाठवतात, रंग बरोबर आला का विचारायला. आणि अण्णा अंगठा दाखवून पास करतात! गेल्या घाण्यात धने जास्त भाजले गेले. गाळ्यातल्या पिवळ्या दिव्यात सगळंच खरपूस दिसतं. फोटोत रंग फसतो, भाजणी नाकाने बघायची असते, हे मी मावशींना सांगितलं.

मी : कसं?

वहिनी : व्हॉइस नोट टाकली. अण्णांना तू लिही.